दुसऱ्या मजल्यावरचा वर्ग

घोटीच्या पेठेत भिमाजीचं झेरॉक्सचं दुकान आहे. लहानपणी पोलिओनं दोन्ही पाय गेले, पण जिभेला धार भलती. कुठं तंटा झाला आणि भिमाजी मध्ये पडला, की लोक म्हणायचे, "तू वकीलच व्हायला हवं होतंस." त्यावर तो म्हणायचा, "गेलो होतो शिकायला. नाय आवडलं."

खरं निराळंच होतं.

बी.ए. झाल्यावर त्याला नाशिकच्या एका लॉ कॉलेजात प्रवेश मिळाला. वडील खंडेराव भाताची खाचरं धाकट्या भावावर सोपवून त्याच्याबरोबर नाशिक रोडला खोली घेऊन राहिले. वर्ग दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खंडेराव रोज पोराला पाठंगुळीला घेऊन जिना चढायचे, वर्ग सुटेपर्यंत खाली बसायचे आणि पुन्हा वर जाऊन त्याला उतरवायचे. मुलं बाजूला सरून वाट द्यायची. प्राध्यापक म्हणायचे, "बाप असावा तर असा!"

दिवाळी सरली आणि खंडेरावांना धाप लागायला लागली. एके दिवशी जिन्याच्या वळणावर ते कठडा धरून थांबले. त्यांच्या छातीतली घरघर पाठीवरच्या भिमाजीला आपल्याच छातीत जाणवली. त्या संध्याकाळी तो म्हणाला, "आप्पा, हे कायद्याचं आपल्याला जमंना. मनच लागत नाय. घरी जाऊ."

 खंडेराव एवढंच म्हणाले, "आधी तरी सांगायचं रं."

पुढे मरेपर्यंत ते लोकांना सांगत राहिले, "आम्ही लय केलं, पण त्याचंच मन नव्हतं." भिमाजी शेजारी बसून ऐकायचा. कधीतरी सांगू, असं म्हणता म्हणता आप्पा गेले.

भिमाजीची पन्नाशी उलटल्यावर त्याच कॉलेजातल्या उज्ज्वला मॅडम विद्यार्थ्यांना घेऊन घोटीला शिबिराला आल्या. अपंग माणसांची बाजू कशी मांडायची, हे त्या मुलांना शिकवत होत्या. भिमाजीशी गप्पा झाल्या आणि त्या म्हणाल्या, "दर गुरुवारी याल? आमच्या मुलांना पुस्तक कळतं, समोरचा माणूस कळत नाही."

तो जायला लागला. आता तिथे लिफ्ट होती. तो पक्षकार होऊन बसायचा आणि मुलं त्याला प्रश्न विचारायची. कुणी फार मोठ्यानं बोललं तर म्हणायचा, "पाय गेलेत बाबा, कान शाबूत आहेत." मॅडम एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावायच्या, "पक्षकाराशी बोला. सोबत आलेल्याशी नाही."

एका गुरुवारी सायखेड्याची रूपाली वडिलांबरोबर कॉलेजच्या मोफत कायदा सल्ला केंद्रात आली. अकरावीत होती, चालता येत नव्हतं आणि वर्ग वरच्या मजल्यावर. वडील म्हणाले, "आता हीच म्हणती, शिकायचं नाय. मग घरीच राहू द्या." रूपालीनं मान डोलावली.

आरोही नावाची विद्यार्थिनी समोर बसली होती. ती म्हणाली, "काका, तुम्ही जरा बाहेर चहा घेऊन येता?" वडील गेल्यावर तिनं विचारलं, "रूपाली, खरंच नको?"

मुलगी रडायलाच लागली. "बाबांची कंबर गेली मला उचलून. त्यांना नका सांगू."

कोपऱ्यात बसलेल्या भिमाजीनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

पुढच्या आठवड्यात मॅडम, आरोही आणि तो असे तिघं रूपालीच्या प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य म्हणाले, "दोन शिपाई देतो की. उचलून नेतील."

आरोही म्हणाली, "सर, तिला उचलायचं नाही. वर्ग खाली आणायचा. कायद्यानं ही सोय तुम्हाला करावीच लागते."

प्राचार्य थोडे कुरकुरले. मग त्यांनी वेळापत्रक काढलं, कुणाला तरी फोन केला. तळमजल्यावरची एक खोली रिकामी करायचं ठरलं. इतकं सोपं.

परतताना मॅडम आणि आरोही खुशीत होत्या.  आपल्या वेळी असा कायदा नव्हता, हे भिमाजीला ठाऊक होतं. पण वर्ग खाली आणता येतो, हे ना त्याला सुचलं होतं, ना आप्पांना, ना कौतुक करणाऱ्या त्या प्राध्यापकांना. कुणी नुसतं मागून तरी बघायचं होतं.

घरी आल्यावर त्यानं बायकोला, गोजराबाईला, पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती भाकरी थापता थापता थांबली.

"मला कशाला सांगता आता? ज्यांना सांगायचं ते तर गेले. मामंजी शेवटपर्यंत म्हणायचे, पोराला उगाच ओढत नेलं, आपलीच हौस."

हे भिमाजीला माहीत नव्हतं. लोकांपुढे आप्पा त्याच्या मनाला बोल लावायचे. घरात मात्र सगळा दोष स्वतःवर घेत होते. 

पुढे उज्ज्वला मॅडम एकदा म्हणाल्या, "अजूनही प्रवेश घ्या ना. आम्ही आहोत."

भिमाजी म्हणाला, "मॅडम, हौस होती तेव्हा ती मीच खोटी पाडली. आता ती खरी होती हे कुणाला दाखवू?"

मॅडमनी पुन्हा विषय काढला नाही. तो गुरुवारी जातो, मुलांसमोर बसतो. नवीन मुलगा घाईघाईनं "यांना नको आहे" असं लिहायला लागला, की तो त्याचा हात धरतो आणि म्हणतो, "परत विचार. एकट्याला विचार."