चिंचेच्या वावरातली बदकं

जायकवाडीच्या पाण्यात आमचं गाव गेलं तेव्हा मी पाळण्यात होतो. भावकीत पहिला बी.एस्सी. मी झालो. त्याची घमेंड होती, अजूनही आहे. औरंगाबादच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत लागलो आणि दर हिवाळ्यात तिथल्या प्राणिशास्त्राच्या सरांबरोबर धरणावर पक्षी मोजायला जाऊ लागलो.

एका वर्षी सरांना पाण्याची माहिती असलेला माणूस हवा होता. मी वडिलांना नेलं. त्यांना आम्ही दादा म्हणायचो.

दादांना दुर्बीण लागत नव्हती. काठावर उकिडवे बसले, कपाळाला हात लावला अन् सांगत सुटले. "चिंचेच्या वावरात दीडशे बदकं हायती, तांबडी. देवळाच्या पांदीत बगळे. थोरल्या विहिरीवर काय नाय." ही सगळी नावं पाण्याखालची, धरणाआधीच्या शेतांची, वाटांची, विहिरींची.

सरांच्या फॉर्मवर 'ठिकाण' असा रकाना होता. ते म्हणाले, "काका, वावर कुठंय? इथं तर सगळं पाणीच दिसतंय."

मला लाज वाटली. मी म्हणालो, "सर, त्यांच्या डोक्यातून गाव जात नाही. तुम्ही उत्तर काठ लिहा. अन् तांबडी बदकं म्हणजे चक्रवाक."

बरोबर आलेली कॉलेजची पोरं हसली. दादाही हसले. "लिहा की सायब. पाणी सरकलं की काठबी सरकतो, तेवढं ध्यानात ठेवा."

खरंच होतं ते. आम्ही दर वर्षी 'उत्तर काठ' लिहीत होतो आणि दर वर्षी ती जागा वेगळीच असायची. पण हे मला फार उशिरा कळलं. त्या दिवसानंतर दादांनी माझ्यासमोर एकाही वावराचं नाव काढलं नाही. मीही विचारलं नाही. विचारू की सावकाश, असं वाटायचं.

मग दादांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्याच्या बाकड्यावर बसलो असताना माझ्या ध्यानात आलं, आपलं स्वतःचं वावर या पाण्यात नेमकं कुठं आहे, हेच मला ठाऊक नाही. आई आधीच गेली होती. भावकी पांगलेली. सांगणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

थोडं बरं वाटल्यावर रिक्षा करून त्यांना काठावर नेलं. खुर्चीवर बसवलं, वही उघडली.

"दादा, आपलं वावर कोणत्या अंगाला?"

त्यांनी पाण्याकडं बघितलं. मग डावा हात उचलला. मी त्यांच्या मागं उभा राहून बोटाच्या रोखानं दुर्बीण लावली. नुसतं पाणी. बोट कधी इकडं कधी तिकडं जात होतं, अन् त्या तेवढ्या फरकात अर्धं गाव बसलं असतं. तरी हात काही ते खाली घेईनात. वाट बघत होते माझी.

"व्हय दादा, दिसलं," मी म्हणालो.

तेव्हा कुठं त्यांनी हात मांडीवर टेकवला.