बांधावरचे बेडूक

आई गेल्यावर बाबा आंबिवलीच्या घरात एकटे राहू लागले आणि मी हट्टाला पेटले. त्यांनी नौपाड्यात माझ्याकडेच यायचं! माझा मुद्दा बिनतोड होता. त्यांचे सख्खे धाकटे भाऊ, म्हणजे माझे काका, आमच्याच इमारतीत मजेत राहतात. तेच नाक, तेच खाकरणं, भाकरीवर तेवढंच तूप. एक रमला तर दुसरा का नाही रमणार?

"तुमच्याकडे बेडूक नाहीत," बाबा म्हणाले.

मी चिडले. बेडूक हवेत ना, मग आणते! आमच्या इमारतीमागे कमळं लावलेला सिमेंटचा हौद आहे. ऐन पावसाळ्यात काका आणि मी बादली घेऊन आंबिवलीला गेलो. बाबांच्या घरामागे भातखाचरं आहेत. तिथल्या डबक्यातले बेडूक नुसते डोळे वर काढून तरंगत होते. हात घातला की पाण्यावरून टणाटण उड्या मारत पसार. बांधावरच्या गवतात मात्र तसेच मातकट बेडूक पटापट सापडले. बेडूक तो बेडूक, म्हणून आम्ही तेच उचलले. बाबा ओट्यावरून गालातल्या गालात हसत बघत होते. "आठवडाभर येतो," म्हणाले आणि बॅग घेऊन गाडीत बसले. मी मनातून जिंकलेच होते.

सकाळी हौद रिकामा. एक बेडूक कुंडीमागे, दोन जिन्याखाली आणि एक थेट काकांच्या चपलेत. काका चप्पल झटकत ओरडले, "अरे, एवढा कमळांचा हौद दिला, अजून काय पाहिजे तुम्हाला?"

बाबा पोट धरून हसले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. "अगं, पाण्यातला वेगळा, बांधावरचा वेगळा. दिसायला भाऊ भाऊ, पण ह्याला अंगाखाली ओलं गवत लागतं. तू डबक्यातला आणायचास. तो कुठल्याही पाण्यात खूश. तुझ्या काकासारखा."

"मी डबक्यातला काय रे?"

"खूश आहेस ना? मग झालं."

सापडले तेवढे बेडूक पुन्हा बादलीत घालून दुपारी बाबा आणि मी आंबिवलीला निघालो. बादलीवर ओलं फडकं टाकून बाबांनी ती वाटभर मांडीवर धरली होती. बांधावर त्यांनी बादली कलती केली. बेडूक क्षणभर थबकले आणि गवतात दिसेनासे झाले. थोड्या वेळाने तिथून टर्रटर्र सुरू झाली. बाबा डोळे मिटून ऐकत राहिले. इतकं निवांत मी त्यांना किती दिवसांत पाहिलं नव्हतं.

मग एकदम भानावर येऊन ते म्हणाले, "चल, निघू या. आठवडा म्हटलंय तर आठवडा राहतो. तुला वाईट नको वाटायला."

मला वाईट वाटलंच, आणि हायसंही वाटलं. मी हात पुढे केला.

"घराची किल्ली द्या, कुलूप काढते. बॅग उद्या काकांबरोबर पाठवते."