तीन नंबर शेडमदला नारळ

"खरं सांग, तुझी पाळी तर चालू नाही ना?"

मोठ्या साहेबानं विचारलं. अकरा पोरांसमोर. कंट्रोल रूममदे, भर दुपारी.

मी म्हनली, "नाही."

खोटं बोलली मी. दुसरा दिवस होता माहा.

थांबा, आधीचं सांगते. मागच्या साली, पंच्याऐंशीले, भंडाऱ्याजवळच्या आमच्या कारखान्यात नव्या मशिनी आल्या. चार शेडमदल्या मशिनी एका केबलनं कंट्रोल रूमले जोडायच्या, म्हनजे त्या एकमेकींसंग बोलतीन. हे जाळं आखायचं कसं, राखायचं कसं, त्याची ट्रेनिंग. अकरा पोरं अन् मी. मी कारधा गावची, आयटीआय झालेली, रोज वैनगंगेचा पूल सायकलनं पार करून येनारी. ट्रेनिंग पास झाली का कंट्रोल रूममदे नोकरी पक्की. तेवढंच दिसे मले, जागेपनी बी अन् झोपेत बी!

पहिल्या चाचनीत मी पहिली आली. म्हनून ट्रेनिंग द्याले आलेल्या पुन्याच्या सरांनं केबलच्या जोडडब्ब्यांची चाबी मले देली. सर एक गोष्ट रोज सांगत. लाइन बिघडली तं मानसावर शक घ्यायचा नाही, एक एक जोड उघडून पाहायचा.

दसऱ्याले मशिनींची पूजा झाली. हळद-कुंकू, झेंडूचे हार. साहेबानं तीन नंबर शेडमदे पॅनलच्या पायथ्याशी नारळ फोडला. मी मांगं उभी होती. दुसऱ्या दिवशी तीन नंबर नीट बोलेच ना. बोले, अन् मदेच मुकी होये.

मंग तो प्रश्न.

माह्या "नाही"वर कोनाचाच भरोसा नव्हता. तुमसरचा एक जन मांगून म्हने, "ताई, दोन दिवस सुट्टी तं घ्यायची होती." पोरं हसले. सर फरशीकडं पाहत राहिले. साहेब म्हनला, "चाबी टेबलावर ठेव." ठेवली. त्यानं ती रुमालानं उचलली.

रुमालानं.

घरी मी बाजूले बसली होती. वेगळी गोधडी, वेगळा गिलास. पूजेच्या दिवशी मी घरी सांगितलं अन् कारखान्यात लपवलं. मंग आपल्यानंच बंद पडली असंन का लाइन? हात पुढं धरून पाहत बसे मी, जसा का कोन्या दुसरीचा हात आहे. साहेबानं एकदा विचारलं, मी स्वतःले शंभरदा विचारलं. त्याची लाज अजून जात नाही.

तिसऱ्या दिवशी मायनं लांबूनच पान्याचा गिलास सरकवला. तो कलंडला. पानी वाहत गेलं अन् फरशीच्या फटीत शिरलं. मी पाहतच राहिली. पॅनलच्या पायथ्याशी काय आहे? जोडडब्बा आहे!

सकाळी सरांसमोर जाऊन उभी राहिली. म्हनली, "सर, तुमी मानसावर शक घेतला. आता जोड उघडा."

सरांनं चाबी आनली, अन् माह्या हातात देली.

डब्बा उघडला. आत मुंग्या. चिकट पानी, नारळाची शेंडी, तारांवर हिरवा गंज. डब्बा बसवताना झाकनच कोनी नीट कसलं नव्हतं. मी जोड पुसला, नवा केला. तीन नंबर बोलाले लागली.

बिघाडाच्या रजिस्टरमदे मी कारन लिहिलं, दसऱ्याच्या नारळाचं पानी. खाली सही केली. साहेबानं वाचलं.

"ओल आली होती, असं लिही. हे पान फाड."

"नाही फाडत."

माफी नाही मांगितली कोनी. आठ दिवसांत मले स्टोअरमदे टाकलं, बोल्ट मोजाले. ट्रेनिंगचा कागद अडकवून ठेवला. पान मात्र रजिस्टरमदे आहे, मी जाऊन पाहून येते.

अन् तो प्रश्न काही गेला नाही. पुलावर सायकल चढवून राहिली का येते. नळाखाली हात धुवून राहिली का येते. दर वेळी माह्या तोंडून तेच निघते, नाही, नाही. साहेबापुढं खोटं बोलली, तेच एक पाप केलं मी.

सोमवारी कंट्रोल रूमसाठी पुन्हा चाचनी आहे. मी नाव देलं. माय म्हने, पोरी, साहेब पुन्हा विचारंन.

विचारू दे. म्हनीन, हाव, चालू आहे. अन् चाबी हातात मांगीन. टेबलावरून उचलनार नाही.