मडक्यातलं विरजण

कचऱ्यावर इतकी माया करणारा माणूस अख्ख्या मुंबईत दुसरा नसेल, आणि नेमक्या त्याच माणसाला मी फसवलं आहे. हे आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. हा माणूस म्हणजे तिचे काका, माझे चुलत सासरे, राहणार घाटकोपर. कुणाच्याही घरी गेले की पाणी प्यायच्या आधी ते स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात डोकावतात. एका साखरपुड्यात त्यांना कलिंगडाची सालं रुमालात बांधून सफारीच्या खिशात कोंबताना पाहिलं आणि मी हादरलो. "लाजताय काय जावईबापू? तिकडे जिलब्या बांधून नेतायत, त्यांना बघा की!" हे मुलाच्या वडिलांसमोर, मोठ्याने. गच्चीवरच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून ते खत काढत आणि मूठ थेट पाहुण्याच्या नाकाशी धरत. "घ्या वास! आहे घाण?" नसायची. याचाच मला जास्त धक्का बसायचा.

आम्ही मुलुंडला फ्लॅट घेतला तेव्हा लोकांनी भिंतीवरची घड्याळं आणली. काकांनी लाल फीत बांधलेलं मडकं. आईला वाटलं, रसगुल्ले. तिने हौसेने आत बोट घातलं आणि अशी किंचाळली की खालचा वॉचमन वर आला. काका शांत. "माझ्या पिंपातल्या खताचं विरजण आहे विहीणबाई. देठं, सालं टाकत जा, वर सुका पाला. दह्यासारखंच जमतं."

मडकं मी सांभाळेन, असं मीच पुढे होऊन म्हणालो. एकदा झाकण उघडलं तर आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. घाबरून मी फिनेलची अख्खी बाटली ओतली. मग ते सगळं गुपचूप फेकून दिलं आणि मडक्यात नर्सरीतलं विकतचं खत भरून ठेवलं. काकांचा फोन आला की माझं उत्तर ठरलेलं, "झकास!" पुढे कधीतरी ते म्हणाले, "अळ्या दिसल्या तर घाबरू नका हं, सुका पाला वाढवायचा." फार उशिरा म्हणाले.

यंदा काका गावी गेलेले असताना त्यांच्या सोसायटीने गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम काढलं. कामगारांनी ते पिंप सरळ डेब्रिजच्या ट्रकमध्ये उपडं केलं. परत आल्या आल्या काका रिकामा डबा घेऊन आमच्या दारात. दाढी वाढलेली.

"जावईबापू, मूठभर द्या. पिंप हिने सुरू केलं होतं." हिने म्हणजे काकूंनी, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. "मी तिला हसायचो, घरात उकिरडा करतेस म्हणून. ती गेली, पण मी पिंप कधी पुरतं रिकामं होऊ दिलं नाही. तळाचं थोडं ठेवूनच काढायचो. आता तिच्या हातचं तेवढं तुमच्याकडेच उरलंय."

मी मडक्याकडे बघत उभा राहिलो. बायको म्हणाली, "अहो, बघताय काय नुसते? द्या ना काकांना!"

मी नर्सरीचं खत त्यांच्या डब्यात भरलं. काकांनी नाक खुपसलं, ते बराच वेळ वर काढलं नाही.

"वास बदललाय."

मी मडक्याचं झाकण घट्ट लावलं.

"बदलणारच म्हणा. तुमच्या घरचं खाणं वेगळं." आणि डबा छातीशी धरून, डोळे पुसत ते रिक्षात बसले.

आता गच्चीवर नवं पिंप आहे. देठं टाकताना ते त्याच्याशी बोलतात म्हणे. फोनवरचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा चढा झालाय. "हिचं विरजण लागलं बघा, जावईबापू!"

त्या पिंपात काकूंचं काहीच नाही, हे मला त्यांना सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही. तेवढं मी त्यांचं देणं लागतो.