अस्तर लावलेला पोहायचा ड्रेस

माझी ताई शिंपीण. चाळीस वर्षं पायाचं मशीन मारून मारून तिच्या गुडघ्यांची पार वाट लागली. उजवा तर असा सुजायचा की जिना चढताना बाई पायरीपायरीला दोन शब्द सुनवायची, कधी जिन्याला, कधी मला. मशीनला मोटार बसव म्हटलं तर म्हणे, "मोटारीला कापड कळत नाही." एवढी हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि मी रोज आरशात बघते.

शेवटी तिच्या मुलानं, म्हणजे माझ्या भाच्यानं, परगावाहून फोनवर सांगून टाकलं, "आई, तीन महिने बघू. गुडघा सुधारला नाही तर दुकान बंद करायचं आणि माझ्याकडे राहायला यायचं." ताईचं तोंड एवढंसं झालं. आमची दारं समोरासमोर. ती गेली तर मी भांडू कुणाशी?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाण्यात चाला. छातीभर पाण्यात गुडघ्यांवर अंगाचा भार फार येत नाही, आणि पाणी रेटता रेटता मांड्यांना ताकद येते. पोहता नाही आलं तरी चालेल."

झालं! पण बाई ड्रेस विकत घेईल तर शपथ. दुकानातला ड्रेस उलटा करून तिनं शिवण पाहिली आणि नाक मुरडलं. दोन दिवस खपून स्वतः शिवला. कोपरापर्यंत बाह्या, गुडघ्यापर्यंत घेर, चष्मा ठेवायला खिसा, आणि आतून सगळीकडे सुती अस्तर. "अस्तराशिवाय माझ्या हातून काही बाहेर जात नाही," म्हणे.

पहिल्या दिवशी तलावाच्या पायऱ्या उतरली मात्र, घेरात हवा शिरून बाईंचा तंबू झाला. हवा गेली तसं अस्तर पाणी प्यायलं. ओली रजई पांघरल्यासारखी ताई जागच्या जागी! शिकवणारी मुलगी ओरडतेय, "काकू, पाय उचला, पाय!" काकू उचलणार काय, कपाळ? शेवटी त्या मुलीनं आणि मी मिळून तिला ओढून बाहेर काढलं. मी हसून हसून बेजार.

"हस, हस. तुलाही असाच शिवते," ताई म्हणाली. पण घरी आल्याबरोबर तिनं कात्री घेतली आणि अस्तर उसवून टाकलं. खिसाही गेला, घेरही गेला. आपलंच काम उसवताना तिचा चेहरा बघवत नव्हता.

मग रोज सकाळी आम्ही दोघी पाण्यात. पुढे चाला, मागे चाला, आडवं चाला, कठडा धरून पाय झुलवा. तीन आठवडे काही म्हणजे काही फरक नाही. मी धास्तावलेली. मग हळूहळू सूज ओसरली. ठणका कमी झाला तशी तिला शांत झोप लागायला लागली. जिन्यातल्या शिव्याही बंद झाल्या. माझी कंबर फुकटात सुधारली, पण ते विचारतंय कोण!

तीन महिने भरले आणि भाच्याचा फोन आला. ताई शिवत होती, म्हणून मी उचलला. बोलता बोलता त्याला मागचा मशीनचा आवाज ऐकू आला.

"मावशी, मशीनवर कोण बसलंय? दुकानात बाई ठेवली का?"

"का रे?"

"आई दर वीतभराला थांबते, पाय चोळते. हे थांबतच नाहीये."

मी बघितलं. ताई पडद्याची लांबलचक शिवण घालत होती आणि तिचे दोन्ही पाय सारखे चालत होते. मी फोन तसाच मशीनजवळ धरला. शिवण संपेपर्यंत त्याला तो आवाज ऐकू दिला.

"तुझी आईच आहे रे ती," मी म्हटलं.