राखेवर हात

माघातला शेवटचा रविवार, १९६४. हजर: आजोबा, काका, आत्या आणि नऊ वर्षांची मी. काल गोवऱ्यांचा धूर नाकात गेला आणि तो दिवस आठवला. चिखलीला आगीच्या बंबावर असलेले माझे लाडके आजोबा सुटीला आम्हाला डोंगरात गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजायला नेत. निघताना निखाऱ्यांच्या आरावर पाणी ओतायचं, राखेवर तळहात ठेवायचा आणि ती गार लागली तरच उठायचं, हा त्यांचा नियम. त्या दिवशी पाणी मी ओतलं. हात ठेवणं त्यांचं काम; पण पलीकडे मधाचं पोळं दिसलं आणि ते तिकडेच गेले. परतताना मागे वाळलं गवत पेटलेलं दिसलं. आजोबांनी पळसाच्या फांदीनं झोडपून ते विझवलं. काका हसले, "आबा, बंबवालाच जंगल पेटवून राह्यला का? राख कोनं पाह्यली होती?" आजोबांनी माझ्याकडे बोट केलं. "हिले सांगतलं होतं." मी त्यांच्याकडे पाहतच राहिले, ते मिशीवरची राख झटकत होते. आजोबा गेले त्याला वर्षं झाली. थकलेले काका मला चुलीजवळ पाहिलं की अजून विचारतात, "हात ठेवला का वं?" मी हो म्हणते. माझ्या कामांच्या वहीत 'काकांना खरं सांगणे' ही ओळ दर वर्षी मी नव्या पानावर उतरवते.