महाराजा खुर्च्या आणि आईचे गुडघे

खरवईची जमीन बिल्डरला गेली तेव्हा बापाने पहिलं काम काय केलं, तर उल्हासनगर कॅम्प दोनमधून दोन महाराजा खुर्च्या आणल्या. लाल मखमल, सोनेरी नक्षी, पाय वाघाच्या पंजांचे. वजन एवढं, की पुलाच्या चढावर टेम्पोची पुढची चाकं हवेत गेली. मी ड्रायव्हरशेजारी होतो. रस्ता दिसेना, नुसतं आभाळ.

दुकानदार सिंधी काका बापाला म्हणाले होते, "साईं, एकदम असली अँटिक है. परसों ही बनवाया."

बाप खूश. घरी ताकीद दिली, खुर्च्या पाहुण्यांसाठी, घरातल्या कुणी टेकायचं नाही. आई रोज मखमल पुसायची आणि स्वतः जमिनीवर बसायची.

मागल्या वर्षी बाप गेला. लोक गळ्यात पडून रडत होते आणि मी त्यांच्या खांद्यावरून खुर्चीची नक्षी बघत होतो. साध्या सर्दीचं महाभारत करणारा मी, पण आत काही हलेचना.

आमच्याकडे दहावं होईस्तोवर घरातल्यांनी जमिनीवरच बसायचं. आईचे गुडघे एव्हाना कामातून गेलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघांनी धरून उठवताना ती किंचाळली. तसंच तिला उचललं आणि महाराजा खुर्चीत ठेवलं.

बापाची बहीण, माझी आत्या, जमिनीवरून कडाडली, "वयनी, उतर खाली! भाऊ होता तवा कवा बसलीस? लोकं काय बोलतील?"

"बोलू दे. गुडघे माझे दुखतात, लोकांचे नाय."

"मना नाय दुखत? मी बसलेय ना खाली?"

आईने तिच्याकडे नीट बघितलं. मग दुसऱ्या खुर्चीकडे हात केला. "मग तू पन ये."

आत्याने दाराकडे नजर टाकली. कुणी नव्हतं. "बघतोस काय मेल्या? हात दे."

दुपारी चामटोलीचे पाहुणे आले. समोर दोन सिंहासनं, त्यांवर दोन म्हाताऱ्या, पाय अधांतरी. सगळे गुमान खाली बसले. एकाने तर दोघींना वाकून नमस्कारच घातला. एरवी एवढ्यावर मी अख्खं अंबरनाथ महिनाभर हसवलं असतं. त्या दिवशी शेजाऱ्यांकडून आलेला चहा दोघींच्या हातात दिला आणि पाहुण्यांच्या रांगेत जाऊन बसलो.

इतका वेळ खुर्चीच्या कडेला अवघडून बसलेल्या आईने मग हळूच पाठ मागे टेकली.